राजीनाम्यावर आज सही करू नकोस

प्रिय बेटा,

आपल्या पेपरचं नागपूर जिल्ह्याचं पान बंद झालं आणि व्यवस्थापन तुझ्याकडे राजीनामा मागतंय. काल फोनवर तू सारखी म्हणत होतीस, "सर, माझंच काम कमी पडलं असेल." नाही पडलं. काटोल-उमरेडच्या बातम्या पारखून तू ते पान रोज वेळेत छपाईला सोडलंस. पान बंद झालं ते जाहिराती गेल्या म्हणून. अंकाच्या किमतीत कागद-छपाईचा खर्चसुद्धा निघत नाही, तो जाहिरातींतून भरून निघतो. आधी छोट्या जाहिराती गेल्या. नोकरी, वधू-वर, भाड्याची घरं, जुन्या गाड्या, एकेकीची वेबसाइट निघाली. 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, तसे सीताबर्डी-इतवारीचे दुकानदारही गूगल-फेसबुककडे वळले. 2020च्या टाळेबंदीत तर घरोघरी अंक टाकायलाही बंदी आली होती; तेव्हा तुटलेली सवय किती घरांत पुन्हा लागलीच नाही. यात उपसंपादकाचा दोष कुठे?

हे मी लांबवून सांगतोय, कारण मनातून खचलेला माणूस समोर आलेल्या कागदावर मुकाट सही करतो. आणि व्यवस्थापनाला नेमकी तीच सही हवी आहे. नोकरकपात म्हटली की त्यांना नोटीस द्यावी लागते, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई. राजीनामा तू होऊन दिलास की त्या मागणीचा पायाच जातो. ग्रॅच्युइटीचंही बघ: पत्रकाराला 5 नव्हे, 3 वर्षांची सेवा पुरते, आणि तुझी चार झालीत. म्हणून "विचार करून कळवते" एवढंच म्हण, कागदाची प्रत माग आणि टिळक पत्रकार भवनात श्रमिक पत्रकार संघाच्या लोकांना भेट. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचा उतारा आजच स्वतःच्या मेलवर घे. ऑफिसचं लॉगिन बंद झालं की हे कागद मिळवताना दमछाक होते.

पुढच्या नोकरीचं आताच ठरवू नकोस. वेबसाइटच्या डेस्कवर जायला हरकत नाही, फक्त दिवसभर इकडच्या बातम्या तिकडे चिकटवण्याचं काम घेऊ नकोस. नागपूर खंडपीठाचा निकाल पूर्ण वाचून तो सोप्या मराठीत सांगणारी, संत्र्याचा भाव का पडला हे बागेत जाऊन विचारणारी माणसं आजही फार थोडी आहेत. तुला ते येतं.

शनिवारी सगळे कागद घेऊन घरी ये. कामगार न्यायालयात काम करणाऱ्या एका वकिलांना मी बोलावून ठेवतोय.

तुझा,
सर