जिनिंगमध्ये नोकरीला लागताना

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

जळगावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, एमबीएच्या वह्यांचा काय उपयोग, असं तू फोनवर म्हणालास. उपयोग आहे. फक्त कोणता सिद्धांत कसल्या कामातून निघाला ते आधी बघ आणि आपल्या आवारात तसं काम कुठे चालतं ते शोध.

मजुरांच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावणाऱ्या टेलरचंच घे. पुस्तक १९११ चं, आणि डोळ्यांसमोर बेथलेहेम स्टीलचे लोखंड वाहणारे मजूर. दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं, असं तो लिहितो. (या गोष्टीवर नंतर बऱ्याच अभ्यासकांनी शंका घेतली; मलाही ती पचत नाही.) तरी आपल्या प्रेसवर त्याचं डोकं चालतं. रुई दाबली, पट्ट्या आवळल्या, १७० किलोच्या आसपासची गाठ काट्यावर चढवली, नंबर टाकला. क्रम ठरलेला आहे, तिथे खुशाल घड्याळ लाव.

तेच घड्याळ घेऊन खरेदीवर मात्र जाऊ नकोस. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागते. ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस उपसतो, सरकी दाताखाली फोडून ओल ओळखतो. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला बरं, ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भावात कपात, १२ च्या वर माल परत. खासगी खरेदीत भाव दुपारपर्यंत बदललेला असतो. तिथे प्रत्येक गाडीला तुझी सही लागली तर शेतकरी ट्रॅक्टर वळवून शेजारच्या जिनवर जाईल. बर्न्स आणि स्टॉकर या अभ्यासकांनी १९६१ मध्ये हेच मांडलं: काम स्थिर असेल तर कडक उतरंड चालते, रोज बदलत असेल तर ठरवायचा अधिकार खाली द्यावा लागतो.

हॉथॉर्न कारखान्यात उजेड कमी-जास्त करून काम मोजलं, ते दिवे तुला पाठ असतील, ते सोडतो. त्यापेक्षा राइस या संशोधकाचा अहमदाबादच्या कॅलिको मिलमधला, १९५३ चा प्रयोग वाच. स्वयंचलित माग आले, पण प्रत्येक कामगार आपल्या तुकड्यापुरता. अख्ख्या मागाची जबाबदारी कोणाचीच नाही. मग ठरावीक माग एका छोट्या गटाकडे दिले. गट कामगारांनी आपसांतच जुळवले आणि उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. आपल्याकडे जिन अडकला की फिटर ऑपरेटरकडे बोट दाखवतो, ऑपरेटर झाडूवालीकडे. एक रांग एका गटाला देऊन बघ.

कोण कोणाच्या हाताखाली याचा तक्ता काढायचाच असेल तर हंगाम उतरल्यावर, एप्रिलात काढ. तोवर मुकादमाजवळ बस आणि टोळीत कोण कोणाच्या जागी उभं राहतं ते विचारून घे.

तुझा,
काका