दोषी ठरलेल्या माणसाबद्दल शंका असेल, तर जनमताच्या रेट्याचा अपिलाला उपयोग होतो का?

एखाद्याला चुकीने शिक्षा झाली असावी, अशी चर्चा समाजात सुरू असेल तर तिचा अपिलावर परिणाम होतो का आणि तो व्हावा का, असे आपण विचारले आहे. थेट परिणाम होत नाही आणि होऊही नये, असे माझे मत आहे. मात्र काही प्रकरणे लोकांनी धरून ठेवली नसती, तर पुन्हा न्यायालयापुढे आलीच नसती, हेही तितकेच खरे.

लोक विचारतात, ‘गुन्हा त्याने केला का?’ अपिलात सहसा तपासले जाते ते एवढेच, की खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष नोंदीवरील पुराव्याच्या आधारे टिकतो का आणि खटला कायद्याप्रमाणे चालला का. ‘तो तसा माणूसच नाही’ या म्हणण्याला तिथे काडीची किंमत नसते, आणि नवा पुरावा आणायचा तर तो आधी का आणला नाही, याचेही उत्तर बहुधा द्यावे लागते. शिवाय गर्दीचे ऐकून सुटका करायची म्हटले, तर तिचेच ऐकून उद्या शिक्षाही द्यावी लागेल.

मग लोकांनी करायचे काय? जपानमधील इवाओ हाकामादा यांचे प्रकरण पाहावे. चौघांच्या खुनाबद्दल त्यांना १९६८ साली फाशीची शिक्षा झाली आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुख्य पुरावा होता तो मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, टाकीत घटनेनंतर वर्षभराने सापडलेल्या रक्ताळलेल्या कपड्यांचा. त्यांवरचे डाग लालसर होते. समर्थकांनी रक्त लावलेले कपडे मिसोत बुडवून ठेवले आणि इतक्या काळात डाग काळपट पडतात, लाली उरत नाही, हे दाखवून दिले. मोर्चे आणि सह्यांच्या मोहिमांपेक्षा मला हा प्रयोग मोलाचा वाटतो, कारण न्यायालयाला तपासता येईल अशी वस्तुस्थिती त्याने पुढे ठेवली. २०१४ मध्ये फेरखटल्याचा आदेश होऊन ते तुरुंगाबाहेर आले, पण सरकारी पक्षाने त्या आदेशालाच आव्हान दिल्यामुळे वाद २०२३ पर्यंत लांबला. २०२४ मध्ये ते निर्दोष ठरले आणि कपड्यांचा पुरावा बनावट असल्याचे न्यायालयाने म्हटले.

दुसरी एक गोष्ट चर्चेत फारशी येत नाही. ‘मी निर्दोष आहे’ यावर ठाम राहणाऱ्या कैद्याला पश्चात्ताप नाही असे धरले जाते आणि त्याची सुटका लांबते. इंग्लंडमध्ये २००४ साली दोषी ठरलेले अँड्र्यू मल्किन्सन सतरा वर्षे तुरुंगात राहिले. गुन्हा कबूल केला असता, तर ते कितीतरी आधी सुटू शकले असते. दुसऱ्याच पुरुषाचा डीएनए मिळाल्याचे २००७ मध्ये कळलेले होते, तरी अशा प्रकरणांची छाननी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने २०१२ मध्ये त्यांचा अर्ज पुढे पाठवला नाही. दोषसिद्धी रद्द झाली ती २०२३ मध्ये.

म्हणून मोहीम उभारणाऱ्यांनी घोषणांच्या आधी मुद्देमाल जपून ठेवण्याची मागणी लेखी करावी आणि अपिलाची मुदत वकिलाकडून तपासून घ्यावी. मल्किन्सन यांच्या खटल्यातील महत्त्वाच्या वस्तू पोलिसांकडून नष्ट झाल्या होत्या. न्यायवैद्यक संग्रहात नमुने शिल्लक राहिले, म्हणूनच नव्या चाचण्या करता आल्या.