बाण रस्त्यावर दिसतो, पण गाडी?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की खिशात फोन असला तरी लांबच्या प्रवासाला मी समोरच्या काचेवर चिकटवायचं सुटं जीपीएसच लावते. त्यावर पत्रं आली, काही तक्रारीची, काही काळजीची. जमीन मोजणीच्या कामात माझी 27 वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी अनोळखी रस्त्यांवर, त्यामुळे हे प्रश्न मला अगदी जवळचे आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. चूक कुठेही झालेली असो, दोष उपग्रहाला दिला जातो. खरं तर तो बिचारा बहुतेक वेळा बरोबर असतो.

ताई, नवी गाडी घेतल्यापासून माझं जीपीएस 'उपग्रह शोधत आहे' एवढंच दाखवत राहतं. जुन्या गाडीत मिनिटभरात लागायचं. दुकानदार म्हणतो, यंत्र गेलं. नवीन घेऊ का?

इतक्यात घेऊ नका. यंत्र हातात घ्या, गाडीतून उतरा आणि उघड्या आकाशाखाली पाच मिनिटं उभे राहा. बहुतेक यंत्रांत उपग्रहांच्या सिग्नलचे उभे पट्टे दाखवणारं एक पान असतं, ते उघडून ठेवा. बाहेर पट्टे भरले आणि आत बसल्यावर पडले, तर यंत्र ठणठणीत आहे. अडचण तुमच्या काचेत आहे.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. गाडी बदलली आणि तीन आठवडे मी यंत्रालाच बोल लावत राहिले. दोनदा रीसेट केलं, केबल बदलली. एकदा रस्त्याच्या कडेला थांबले असताना यंत्र सहज गाडीच्या टपावर ठेवलं, तर रिकामे पट्टे बघता बघता भरले. मग गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं. समोरच्या काचेत ऊन परतवणारा धातूचा अतिशय पातळ थर होता. असा थर उष्णतेबरोबर रेडिओलहरीही अडवतो. जीपीएसचा सिग्नल तर मुळातच फार क्षीण. उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवर, आणि त्याच्या प्रक्षेपकाची ताकद घरातल्या दिव्याइतकी. जमिनीपर्यंत पोचेपर्यंत तो आसपासच्या रेडिओ-गोंगाटाखाली बुडालेला असतो. सिग्नलचा ठरलेला क्रम रिसीव्हरला आधीपासून माहीत असतो, म्हणूनच तो त्यातून वेचून काढता येतो. अशा सिग्नलच्या वाटेत धातूचा थर आला, की मग काय उरणार?

अशा काचांमध्ये बहुधा आतल्या आरशाच्या मागे थर न दिलेला थोडा भाग सोडलेला असतो. सिग्नल तिथे मिळतो, पण यंत्र तिथे लावलं तर समोरचा रस्ता झाकला जातो, म्हणून मी ते कुणालाच सुचवणार नाही. माझ्या गाडीच्या बाजूच्या काचांना थर नव्हता. यंत्र डॅशबोर्डच्या अगदी कडेला, बाजूच्या काचेजवळ सरकवलं आणि काम झालं. तुमच्या यंत्राला बाहेरची अँटेना जोडायची सोय असेल तर तीही चालेल.

गाडीत डॅशकॅम किंवा साधासा यूएसबी चार्जर असेल तर तो काढून एकदा पट्टे बघा. काही स्वस्त उपकरणं नेमकी जीपीएसच्या लहरींजवळच, म्हणजे 1575 मेगाहर्ट्झच्या आसपास, गोंगाट करतात.

उशिराचं आणखी एक कारण सांगते, कारण त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक उपग्रह आपण नेमके कुठे आहोत याची माहिती सेकंदाला 50 बिट अशा संथ गतीने पाठवतो. ती दर 30 सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून येते आणि साधारण चार तास उपयोगी पडते. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर ही सगळी माहिती नव्याने घ्यावी लागते. मध्येच पुलाखालून गेलात, झाडांखाली शिरलात, तर तुटलेला भाग पुन्हा यायची वाट बघावी लागते. म्हणून सकाळी यंत्र सुरू करा आणि ते जागेवर येईपर्यंत गाडी हलवू नका. चालत्या गाडीत दहा मिनिटं लागतात तिथे उभ्या गाडीत एकात भागतं.

रात्री जीपीएसने आम्हाला चांगला रस्ता सोडून एका कच्च्या वाटेवर नेलं. पुढे वाट इतकी अरुंद झाली की मागे घेतच मुख्य रस्त्यावर यावं लागलं. मुलं घाबरली होती. उपग्रह एवढी चूक कशी करतो?

तुमच्यावर आलेला प्रसंग वाचून वाईट वाटलं. अंधारात, मुलं मागे बसलेली असताना गाडी उलटी काढणं काय असतं ते मी जाणते.

पण उपग्रहाला रस्ते ठाऊकच नसतात. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा कळवतो. निदान चार उपग्रहांचे सिग्नल यंत्रापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र तुमची जागा काढतं. मोकळ्या आकाशाखाली ती सहसा पाचेक मीटरच्या आत बरोबर असते. त्या रात्री तुम्ही त्या कच्च्या वाटेवरच होता, आणि यंत्राने तुमची जागा बरोबरच दाखवली. चुकला तो नकाशा, किंवा तुमच्या यंत्राचं सेटिंग. नकाशा कुणीतरी, कधीतरी केलेला असतो आणि तुमच्या यंत्रात तो शेवटचा भरला गेला त्या दिवशी गोठलेला असतो.

आधी सेटिंग बघा. 'सर्वांत कमी अंतर' निवडलेलं आहे का? माझी खात्री आहे की असणार. कमी अंतराचा रस्ता म्हणजे चांगला रस्ता नव्हे. यंत्राला 200 मीटर वाचताना दिसले, की ते गाडीवाट, बांध, काय वाटेल ते सुचवतं. 'सर्वांत कमी वेळ' निवडा आणि 'कच्चे रस्ते टाळा' हे चालू करा. वाहनाचा प्रकार विचारणारं यंत्र असेल तर तोही नीट भरा. सायकलवर किंवा पायी जाण्याचा पर्याय चुकून निवडला गेल्याची पत्रंही मला आली आहेत.

त्यानंतर नकाशा नव्याने भरून घ्या. माझं यंत्र मी दर मोठ्या प्रवासाच्या आदल्या आठवड्यात संगणकाला जोडते. आदल्या रात्री नाही, कारण नकाशाची फाइल मोठी असते आणि निघायच्या घाईत ती अर्धवट उतरली तर यंत्र सुरूच होत नाही.

आता शीर्षकातल्या बाणाकडे येते. पडद्यावरचा बाण रस्त्याच्या रेघेवर नेमका चालताना दिसतो, त्यामुळे आपला विश्वास बसतो. पण मोजलेली जागा अशी कधीच रेघेवर पडत नाही. ती थोडी डावी-उजवीकडे असते आणि यंत्र तिला ओढून जवळच्या रस्त्यावर चिकटवतं. रस्ता एकटा असला तर याने काही बिघडत नाही. उड्डाणपूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड शेजारी असले, की मात्र यंत्र नुसता अंदाज करतं. उंचीवरून ओळखावं, तर उंचीचं मोजमाप आडव्या जागेपेक्षा कच्चं असतं, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. तुम्ही पुलावर आणि यंत्र म्हणतंय 'डावीकडे वळा', हे घडतं ते यामुळे. तिथे फलक वाचा आणि सरळ जा. बोगद्यात सिग्नल नसतोच. पुष्कळ यंत्रं शेवटच्या वेगाने बाण नुसता पुढे सरकवत राहतात, म्हणून बोगद्यातल्या फाट्यावरही फलकच बघायचा.

अक्षांश-रेखांश टाकून जाता येतं असं तुम्ही लिहिलं होतं. मी टाकले आणि भलतीकडेच पोचलो. कुठे चुकलं?

तुम्ही पाठवलेला कागद बघितला आणि चूक लगेच सापडली, कारण तीच चूक एकदा माझ्याकडून झाली होती. जुन्या नकाशांवर अंश आणि मिनिटं लिहिलेली असतात. एका अंशात 60 मिनिटं. म्हणजे 15 मिनिटं हे 0.25 अंश. मी घाईत दशांश चिन्हानंतर सरळ 15 लिहिलं. फरक पडला एक दशांश अंशाचा, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे 11 किलोमीटरचा. मोजणीचं सगळं सामान आणि दोन सहकारी घेऊन आम्ही चुकीच्या टेकडीपाशी जाऊन उभे राहिलो. अर्धा दिवस गेला. त्या दिवसापासून आकडे टाकल्यावर 'जा' दाबण्याआधी मी नकाशा लहान करून ठिकाण डोळ्यांनी बघते आणि एकूण अंतर पटतंय का ते ताडून पाहते.

यंत्राच्या सेटिंगमध्ये आकडे लिहिण्याच्या दोन-तीन पद्धती असतात. तुमच्याकडचे आकडे ज्या पद्धतीत आहेत तीच निवडा, मनातल्या मनात गणित करत बसू नका. दशांश पद्धतीत चिन्हानंतर चार आकडे म्हणजे सुमारे 11 मीटरपर्यंतची नेमकी जागा, पाच आकडे म्हणजे सुमारे एक मीटर. कुणी दोनच आकडे दिले असतील तर किलोमीटरभर शोधाशोध होणार, हे धरून चला.

स्पीडोमीटर 84 दाखवतो तेव्हा जीपीएस 79 दाखवतं. खरं कोणतं?

सरळ, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जात असाल तर जीपीएस. गाडीतला काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा बनवतात, कारण अनेक देशांत पाळल्या जाणाऱ्या नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवताच कामा नये. ब्रेक मारताना, चढउतारावर आणि सिग्नल कमजोर असताना मात्र जीपीएसचा आकडा मागे राहतो किंवा चुकतो, तेव्हा काट्यावर विश्वास ठेवा.

माझ्या सासूबाईंना वाटतं की हे यंत्र लावलं की उपग्रहाला आपण कुठे आहोत ते कळतं. त्यांना काय सांगू?

त्यांना सांगा की साधं सुटं जीपीएस फक्त ऐकतं. रेडिओवर गाणं लावलं म्हणून रेडिओ केंद्राला आपण कळत नाही, तसंच. पण त्यांची काळजी पूर्णपणे चुकीची नाही. यंत्राच्या पोटात तुमच्या फेऱ्यांची नोंद आणि घराचा पत्ता साठलेला असतो. यंत्र विकताना किंवा कुणाला देताना तो सगळा पुसून टाका. 'घर' म्हणून मी आमच्या दाराऐवजी जवळच्या चौकातली जागा ठेवली आहे. गाडी फोडून यंत्र नेलंच कुणी, तर त्याला आमच्या दारापर्यंतचा रस्ता मिळू नये.

जुनं यंत्र परवा माळ्यावरून काढलं. रस्ता बरोबर दाखवतं, पण तारीख 19 वर्षांहून जास्त मागची!

घाबरू नका, यामागे मोजणीचं कारण आहे. जीपीएस 6 जानेवारी 1980 पासून आठवडे मोजतं आणि जुन्या सिग्नलमध्ये त्या आकड्याला 0 ते 1023 एवढीच जागा आहे. मग तो शून्यावर येतो. असं ऑगस्ट 1999 मध्ये झालं, पुन्हा एप्रिल 2019 मध्ये झालं. 1024 आठवडे म्हणजे 19 वर्षं आणि साडेसात महिने, तुमच्या तारखेतला फरक बरोबर तेवढाच असणार. उत्पादकाने त्या यंत्रासाठी नवं सॉफ्टवेअर दिलं असेल तर भरा. नसेल तरी वाट बरोबर दिसत राहील, पण पोचण्याची वेळ आणि दिवसा-रात्रीचा रंगबदल यांवर अवलंबून राहू नका.

मुलाने नुकतंच लायसन्स काढलंय आणि तो जीपीएस लावून जाणार आहे. यंत्र कुठे लावावं?

हा प्रश्न कुणी विचारला याचा मला फार आनंद झाला, कारण इतर सगळ्या पत्रांत यंत्र नीट चालण्याची चिंता होती आणि इथे माणसाची आहे.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात लावा, डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेलं. तो स्वतःच्या जागेवर बसला की तुम्ही बाजूला बसा आणि त्याला विचारा, रस्त्याचा कोणताही भाग, समोरचा पादचारी, बाजूचा आरसा, यापैकी काही झाकलं जातंय का. एअरबॅगच्या झाकणावर किंवा ती उघडण्याच्या वाटेत यंत्र आणि त्याची केबल मुळीच नको. काही ठिकाणी काचेवर काय आणि कुठे लावायचं याचे नियम असतात, तेही पाळायला सांगा. आवाज चालू ठेवा, म्हणजे पडद्याकडे बघायची वेळ कमी येईल. ठिकाण टाकायचं ते हँडब्रेक ओढलेला असतानाच. मध्येच बेत बदलला तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. शेजारी कुणी असेल तर यंत्र त्याच्या ताब्यात. आणि वळण हुकलं तर हुकू द्यायचं, पुढे जात राहायचं. यंत्र काही सेकंदांत नवा रस्ता काढतं. शेवटच्या क्षणी लेन कापून वळताना माझ्या एका सहकाऱ्याचा खांदा मोडला होता, म्हणून हे मी कळवळून सांगते आहे.

सक्शन कप पडत असेल तर काच स्पिरिटने पुसायला सांगा आणि कप किंचित ओलसर करून दाबायला. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या घरात तापतो आणि आतली लिथियम बॅटरी त्याने फुगते, म्हणून उतरताना यंत्र काढून सोबत न्यायचं. काचेवर राहिलेला कपचा गोल डागही तेवढाच पुसून टाकायचा, कारण तो बघून हँडल उचकटणारे असतात.