बिल्बाओत खायचं तर नदीकडे पाठ करा

तुम्ही विचारलंय की उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओत तीन दिवस आहोत, गुगेनहाइम संग्रहालयाजवळ नदी दिसेल असं चांगलं रेस्टॉरंट सांगा, शिवाय बायको शाकाहारी आहे. मी त्या शहरात चार वर्षं राहिले. माझं ऐकाल तर नदीकाठी मनसोक्त फिरा, पण जेवायला तिथे बसू नका.

तो काठ नवा आहे. १९८०च्या दशकापर्यंत तिथे जहाजबांधणीची गोदी, रेल्वेचे रूळ आणि घाण पाणी होतं. गोदी बंद पडली, १९९७ साली संग्रहालय आलं आणि जग बिल्बाओला यायला लागलं. खाण्याची रीत मात्र त्याच्या कितीतरी आधीची, आणि ती टिकली आहे जुन्या गावात, कास्को व्हिएहोत. १९८३च्या ऑगस्टमधल्या महापुरात हा भाग बुडाला होता. चिखल उपसून तो पुन्हा उभा राहिला.

संध्याकाळी साडेसातनंतर तिथल्या प्लासा नुएवात जा. चौकाच्या चारही बाजूंनी कमानी आणि कमानींखाली बार. एका बारमध्ये एकच पिंचो, म्हणजे बहुधा पावाच्या तुकड्यावर रचलेला छोटा घास, आणि छोटा ग्लास चाकोली, ही इथली किंचित फसफसणारी आंबटसर पांढरी वाईन. उभ्यानेच खायचं, पैसे द्यायचे, पुढच्या बारमध्ये शिरायचं. याला पोतेओ म्हणतात. टेबल धरून बसलात की ही मजा गेलीच. खेकडा आवडत असेल तर नव्या शहरातल्या एल ग्लोबो या बारमधला भाजलेला चांगुर्रो, म्हणजे खेकड्याचा पिंचो चुकवू नका.

एक दुपार मात्र बसून जेवा, दीड ते साडेतीनच्या दरम्यान, आणि बाकालाओ अल पिलपिल मागवा. आपल्याकडे खारवलेल्या माशाची चव ज्यांना कळते त्यांना हा पदार्थ लगेच कळेल. खारवलेला कॉड दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात, लसूण-मिरची परतलेल्या ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवतात आणि मातीचं भांडं गोल गोल हलवत राहतात. माशाच्या कातडीतला चिकटपणा तेलात उतरतो आणि तेलाचाच दाट, पिवळसर रस्सा होतो. ना पीठ, ना साय. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा पाव संपला तरी मी भांडं पुसतच होते.

आता वहिनींचं. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण ट्यूना आणि हॅम तिथे मांसात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नको, असं तिन्ही सांगा. जवळच्या गेर्निका गावाच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, वर जाड मीठ, त्यांना नक्की आवडतील. तिखट जवळजवळ नसतातच, आणि तिथल्या उन्हाळ्यात गेलात तर ताज्या मिळतील. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड आम्लेट, जवळपास प्रत्येक बारमध्ये असते, आणि सकाळच्या कॉफीबरोबर बोयो दे मांतेकिया, म्हणजे लोण्याचं क्रीम भरलेला मऊ गोड बन. अंडं चालतं का तेवढं कळवा, म्हणजे बाकीची नावं त्याप्रमाणे सांगते.