बायकोची नोकरी, तुमचं घर आणि अनवाणी पाय

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: बायकोला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या कंपनीची ऑफर आली आहे. तुम्ही नोकरी सोडून सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा सांभाळणार. अनवाणी धावणं आणि तबला ही दोन वेडं सोडायची नाहीत. जमेल का?

मीही याच भागात घर सांभाळणारा बाप आहे. जमेल. व्हिसा आणि ‘लोक काय म्हणतील’ यांची तुम्ही जी धास्ती घेतली आहे, ती सोडा. खरी ओढाताण वेळेची होते.

कंपनी उच्चकुशल कर्मचारी म्हणून बायकोचा परवाना काढते, त्यासोबत तुमचाही निघतो, आणि त्यावर तुम्हाला कुठलंही काम करायची मुभा असते. म्हणजे घरी राहणं ही तुमची निवड आहे, सक्ती नव्हे. नातेवाइकांना हे एकदाच स्पष्ट सांगून टाका. मेख एवढीच की तुमचा परवाना तिच्या नोकरीवर टिकून असतो. ती नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ३ महिने मिळतात. तेवढ्या काळाचा घरखर्च वेगळा ठेवूनच या. आणि हो, इथलं सरकारी म्हातारपणाचं पेन्शन देशात राहिल्याच्या वर्षांवर जमतं, वर्षाला २ टक्के. तुम्ही पगार आणला नाही म्हणून ते थांबत नाही.

पाळणाघराचं अनुदान मात्र आई-बाप दोघंही कमावत किंवा शिकत असतील तरच मिळतं. तुम्हाला ते मिळणार नाही, आणि त्याशिवायचा दर ताशी १० युरोंच्या वर जातो. तुमच्यासाठी उपाय म्हणजे पेउटरऑपफांग, दोन ते चार वर्षांच्या मुलांची सकाळची बालवाडी. एकच कमावता असलेल्या घरांना तिथे पालिका मदत करते आणि फी उत्पन्नावर ठरते. आल्या आल्या मुलाचं नाव घाला, कारण आठवड्यातल्या त्या मोजक्या सकाळीच काय ते तुमचं भांडवल. चार वर्षांचा झाला की तो शाळेत जाईल. मुलीला बहुधा आधी भाषा शिकवणाऱ्या नवागतांच्या वर्गात बसवतील. घाबरू नका, मुलं तुमच्याआधी डच बोलतात आणि मग तुमचे उच्चार सुधारतात.

बुधवारी बऱ्याच शाळा दुपारी बाराच्या सुमारास सुटतात. शिवाय पोहण्याचा क्लास. हा देश कालव्यांचा, त्यामुळे मुलांनी पोहण्याचं ‘अ’ प्रमाणपत्र मिळवणं इथे जवळपास गृहीतच धरलेलं असतं, आणि क्लासला प्रतीक्षायादी असते. हे सगळं वेळापत्रकात बसवल्यावर धावायला उरलेला वेळ शोधू नका, तो सापडत नाही. धावण्याचे वार आधी ठरवा आणि बायकोच्या कॅलेंडरमध्ये घाला, म्हणजे तिच्या मीटिंगा त्यांना वळसा घालून लागतील.

आता पायांबद्दल. अनवाणी धावण्याला हा भाग वाईट नाही. लाल डांबराचे सायकल रस्ते गुळगुळीत असतात. विटांच्या फरसबंदीवर मात्र सांध्यांत खडे अडकलेले असतात, तिथे नजर खाली ठेवा. हेझेजवळच्या स्ट्राब्रेख्त्से हायडे या माळरानावर वाळूच्या वाटा आहेत. पोटऱ्यांना आणि टाचेच्या शिरेला वाळू जास्त राबवते, तेव्हा पहिल्यांदा तिथे गेलात तर अंतर निम्म्यावर आणा. तिथून परतल्यावर गुडघ्यामागे, मांडीच्या सांध्यात गोचीड चिकटलीय का ते मुलांचं आणि स्वतःचं तपासा. चावलेल्या जागी पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरांना दाखवा, लाइम रोगाची ती खूण आहे. मे ते जुलै ओकच्या झाडांखालच्या गवतातून धावू नका. या प्रांतात ओकवर एक केसाळ सुरवंट होतो, त्याचे सूक्ष्म केस गवतातही पडतात आणि अंगावर असह्य खाज उठते. झाडाला इशाऱ्याची फीत किंवा पाटी दिसली की सरळ वाट बदला.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका थंडीचा, आणि तोही लोकांना वाटतो तसा नाही. गारठा सोसता येतो. बधिर झालेला तळवा काच लागली तरी कळवत नाही, हे वाईट. अनवाणी धावण्याची सगळी शिस्त तळव्याकडून येणाऱ्या खबरीवर चालते. ती खबर थांबली की पातळ तळाचे जोडे घाला, त्यात कमीपणा नाही. गोठणाऱ्या दिवसांत सायकल रस्त्यांवर मीठ टाकतात, भेगा पडलेल्या टाचेला ते झोंबतं. आणि १ जानेवारीला घरीच बसा, आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा आणि बाटल्यांचा खच पडलेला असतो. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, म्हणून मुलांना सोडून आल्यावरचीच वेळ धरा. शनिवारी सकाळी ९ वाजता कार्पेंडोंक्से प्लास तळ्याभोवती पार्करन नावाची ५ किलोमीटरची मोफत सामूहिक धाव असते, तिथे ओळखी होतात.

दुखापतीचा हिशेबही करून ठेवा. आरोग्य विमा सक्तीचा आहे, १८ वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. पण मोठ्यांची फिजिओथेरपी मूळ विम्यात सहसा येत नाही. पुरवणी विमा घ्या.

तबल्याचं जरा अवघड आहे. घरं एकमेकांना भिंत लावून असतात आणि शेजारी तोंडावर येऊन सांगतात. ते एका अर्थी बरंच, कुढत बसत नाहीत. वेळ विचारून घ्या, दुपारी दोन ते तीन बहुतेकांना चालते. हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी होते आणि पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ताणून स्वर चढतो, तेव्हा तबला रेडिएटरपासून लांब ठेवा आणि एक जादा पुडी सोबत आणा.

शाळेच्या फाटकावर तुम्ही एकटे बाप नसाल. इथे बरेच बाप आठवड्याचा एक दिवस मुलांसाठी सुट्टी घेतात. लोक तुमच्या नोकरीबद्दल विचारणार नाहीत, पायांबद्दल नक्की विचारतील, तेही आडपडदा न ठेवता. अवघड जातो तो पहिला हिवाळा: सकाळी दहा वाजता मोठ्या माणसाशी बोलायला कोणीच नसतं. अशा वेळी घरातला छंद पुरत नाही, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी बाहेर नेणारं काहीतरी लागतं. रिपेअर कॅफे बघा, तिथे लोक एकत्र बसून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात. २००९ साली अॅमस्टरडॅममध्ये सुरू झालेली ही कल्पना आता गावोगावी आहे, आणि हातात पेचकस असला की भाषा मोडकी असली तरी चालते.

निघण्याआधी लग्नाच्या आणि दोन्ही मुलांच्या जन्माच्या दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून मारला जाणारा सरकारी शिक्का, करून घ्या. इथे नगरपालिकेत नोंदणी झाल्याशिवाय नागरी क्रमांक मिळत नाही, आणि त्या क्रमांकाशिवाय पगार, विमा अशी बरीच कामं अडून बसतात.