'व्यावसायिक पार्श्वभूमी' का खटकते?

पणजीच्या एका दैनिकातल्या उपसंपादक ताईंनी विचारलंय: अमेरिकेत हिंसक गुन्हे कमी करण्यासाठी शहरांच्या पोलिस खात्यांना सल्लागार दिले जातात. त्यांच्यावरच्या लेखात मी लिहिलं, 'या सल्लागारांची व्यावसायिक पार्श्वभूमी वैविध्यपूर्ण आहे.' वरिष्ठांना वाक्य खटकलं, पण कारण सांगता येईना. चूक कुठे आहे?

ताई, व्याकरण चोख आहे. पण दोन्ही शब्द गोव्यातल्या वाचकाला भलतीकडेच नेतात.

'व्यावसायिक' आपल्याकडे रोज छापून येतो तो माणसासाठी: खाण व्यावसायिक, हॉटेल व्यावसायिक, शॅक व्यावसायिक. म्हापशाच्या बाजारात पेपर वाचणाऱ्याला वाटेल की हे सल्लागार धंदेवाल्या घरांतून आले आहेत.

'पार्श्वभूमी'चं प्रकरण जास्त नाजूक आहे. पार्श्व म्हणजे कूस, बाजू. हिंदीने पाठ धरून 'पृष्ठभूमि' केलं, आपण बाजू धरली. शब्द सुरेख आहे, पण पोलिसांच्या बातम्यांत त्याला एकच विशेषण कायमचं चिकटलं: 'गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेला संशयित'. पोलिस आणि गुन्हे यांच्या लेखात नुसती 'पार्श्वभूमी' दिसली, तरी कान ते विशेषण आपोआप पुरवतो.

आणि या विषयात काहींना ते खरोखरच लागू आहे! शिकागोत गॅरी स्लट्किन यांनी २००० साली हिंसा रोखण्याचं जे काम उभं केलं, त्यात भांडण पेटण्याआधी मध्ये पडणारी माणसं त्याच वस्त्यांतून घेतली. त्यातले कित्येक पूर्वी टोळ्यांत होते, तुरुंगात राहून आलेले होते. त्यांचं म्हणणं पोरं ऐकतात, ते याच भूतकाळामुळे. तेव्हा 'पार्श्वभूमी' त्यांच्यासाठी राखून ठेवा, तिथे ती नेमकी बसते.

बाकीच्यांसाठी 'पेशा' घ्या. शिक्षकी पेशा, वकिली पेशा, वैद्यकी पेशा हे आपल्या कानावरचे प्रयोग. स्लट्किन यांचा मूळ पेशा डॉक्टरकीचा, क्षय आणि एड्सच्या साथींवर काम केलेले; हिंसाही साथीसारखी पसरते, हा विचार तिथून आला. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत २००५ साली हिंसा कमी करण्यासाठी पोलिसांचं खास पथक सुरू झालं, ते उभारणाऱ्या दोघांपैकी जॉन कार्नोकन गुन्हे अन्वेषणातले, तर कॅरिन मक्लस्की यांनी आधी नर्सिंगचं आणि मग मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेलं. 'मूळ पेशा' म्हटलं की हे सगळं एका शब्दात मावतं.

जुनं काम सोडून आलेल्यांसाठी 'पूर्वाश्रमीचे' हा मला फार आवडणारा शब्द आहे. मूळ संन्याशाचा. 'पूर्वाश्रमीचे पोलिसप्रमुख' यात जुनी वस्त्रं उतरवून ठेवल्याचा भाव येतो, 'माजी'त तो नाही. मात्र विद्यापीठात अजून शिकवणाऱ्या संशोधकाला तो लावू नका, त्याचा आश्रम बदललेला नाही.

'सल्लागार' मुळीच बदलू नका. सल्ला मूळचा अरबी. 'मसलत' त्याच धातूतून आली, तह या अर्थाचा 'सुलह'ही. पुढचा 'गार' फारसी, म्हणजे करणारा. हाच प्रत्यय 'गुन्हेगार'लाही आहे, त्यामुळे तुमच्या लेखात दोघे समोरासमोर उभे राहतात.

'हिंसक गुन्हे'ही ठीक. कोणी 'शरीराविरुद्धचे गुन्हे' सुचवेल, पण आपल्या कायद्यात ते वेगळं प्रकरण आहे आणि जबरी चोरी त्यात येत नाही. ती मालमत्तेच्या गुन्ह्यांत जाते. अमेरिकेच्या एफबीआयच्या हिशेबात मात्र खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर हल्ला हे चारही हिंसक गुन्हे.

राहिलं 'वैविध्यपूर्ण'. ते काढूनच टाका आणि माणसं दाखवा: 'या सल्लागारांत पूर्वाश्रमीचे पोलिसप्रमुख आहेत, सरकारी वकिली केलेले आहेत, गुन्ह्यांची आकडेवारी तपासणारे संशोधकही आहेत.'