अंबडहून ऑन्टारियोला: एसएलडी करणाऱ्यासाठी उत्तर

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सात वर्षं कारखान्यांच्या सिंगल लाइन डायग्राम (एसएलडी, म्हणजे कारखान्याची वीजव्यवस्था एकेका रेषेत दाखवणारं ड्रॉइंग) केल्यात, आता बायको आणि मुलीला घेऊन कॅनडातल्या ऑन्टारियोला यायचं ठरतंय, हेच काम मिळेल का, आणि निघण्याआधी काय तयारी करावी. स्थलांतराचे पॉइंट, फी, फॉर्म हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे, ते सोडतो. मीही नाशिकचाच, आता इथे ऑन्टारियोत. प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून उत्तर लांबेल.

काम मिळतं. चिन्हं पाठ करत बसू नका, ती आठवड्याभरात हातात बसतात. ब्रेकर ५२, ओव्हरकरंट ५०/५१, डिफरन्शियल ८७ (आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट ताडून पाहणारं संरक्षण), लॉकआउट ८६ हे उपकरणांचे नंबर तर आपल्या एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेलवरही असतात. चुका होतात त्या जुन्या सवयीने लिहिलेल्या आकड्यांत. आपला हात ११ केव्ही/४३३ व्होल्ट, ५० हर्ट्झवर बसलेला. इथे कारखान्यात ६०० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि वरून येणारी लाइन बऱ्याच ठिकाणी २७.६ केव्ही. मोटरच्या पाटीवर ५७५ व्होल्ट असतं. १०० एचपीला ९९ अँपिअर, म्हणजे ढोबळ हिशोब एचपीला एक अँपिअर. साडेतीन कोअरची (तीन फेज आणि अर्ध्या साइझचा न्यूट्रल) केबल विसरा. साइझ केसीएमआयएल या इथल्या मापात, ५०० केसीएमआयएल म्हणजे सुमारे २५३ चौ. मिमी. ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप (दोन बाजूंच्या व्होल्टेजमधल्या कोनाची खूण) आपल्याकडे डीवायएन ११, इथे एलटी (कमी दाबाची) बाजू ३० अंश मागे, म्हणजे डीवायएन १. जुन्या ड्रॉइंगमधला ब्लॉक तसाच चिकटवला तर ८७ ची सेटिंग चुकते.

फॉल्ट लेव्हलवर (शॉर्टसर्किट झालं तर किती करंट वाहील त्यावर) मात्र वेळ घाला, कारण मुलाखतीत पारख तिथेच होते. नाशिकच्याच सातपूरचा नेहमीचा हिशोब घ्या: ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, ५ टक्के इम्पीडन्स (आतला अडथळा). फुल लोड १३३३ अँपिअर, फॉल्ट २६.७ केए (हजार अँपिअर). असे दोन ट्रान्सफॉर्मर बस कपलर (दोन्ही बाजूंचे बसबार जोडणारा ब्रेकर) जोडून समांतर चालले की ५३ केएच्या वर जातं, आणि पॅनेल ५० केएचं असतं. म्हणून दोन इनकमर (ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या पुरवठ्याचे ब्रेकर) आणि एक कपलर, तिघांपैकी एका वेळी दोनच ऑन, हा इंटरलॉक ड्रॉइंगवर शब्दांत लिहायलाच हवा. आपल्याकडे तो पॅनेलवाल्याच्या डोक्यात असतो, कागदावर नसतो. आता इथलं उदाहरण: १५०० केव्हीए, ६०० व्होल्ट, ५.७५ टक्के. वरचा पुरवठा अमर्याद धरला तर २५.१ केए. त्यात चालू मोटरांचा वाटा येतो, त्यांच्या एकूण करंटच्या साधारण चौपट. ८०० अँपिअरच्या मोटरा असतील तर ३.२ केए आणखी. म्हणजे २५ केएचा ब्रेकर बाद. त्यातही कॅटलॉगमध्ये ४८० व्होल्टचा रकाना वाचू नका. त्याच ब्रेकरची फॉल्ट तोडण्याची क्षमता ६०० व्होल्टला बरीच कमी असते.

न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग (जमिनीशी जोडण्या) देऊन आपण मोकळे होतो. इथे बऱ्याच कारखान्यांत न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये रेझिस्टर असतो: ३४७ व्होल्ट (६०० व्होल्टच्या पुरवठ्यात फेज ते न्यूट्रल), ५ अँपिअर, म्हणजे ६९ ओहम. पहिल्या अर्थ फॉल्टला (एक फेज जमिनीला टेकली तर) प्लांट बंद पडत नाही, अलार्म वाजतो. पण उरलेल्या दोन फेजचं जमिनीशी व्होल्टेज ६०० होतं, म्हणून त्या बसवर ३४७ व्होल्टचे दिवे दाखवायचे नाहीत. त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर द्या.

आणि केबलची लांबी! आपल्याकडच्या एसएलडीवर रन (समांतर केबलांची संख्या) आणि साइझ लिहितात, लांबी क्वचितच. आर्क फ्लॅशचा (फॉल्टच्या ठिणगीतून किती ऊर्जा बाहेर पडेल याचा) अभ्यास त्याशिवाय होत नाही. त्याला वीज कंपनीकडून मोठ्यातली मोठी आणि लहानातली लहान, अशा दोन्ही फॉल्ट लेव्हल लागतात, कारण करंट कमी असला की ब्रेकर उशिरा ट्रिप होतो आणि आर्कची ऊर्जा उलट वाढू शकते. निघण्याआधी एक मनातला कारखाना घ्या आणि त्याची एसएलडी दोनदा काढा, एकदा आपल्या पद्धतीने, एकदा इथल्या. कंपनीचं ड्रॉइंग उचलून आणू नका. ते दाखवणाऱ्यावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही.

कागदांनी फार छळलं, म्हणून तपशिलात सांगतो. इंजिनिअरचं लायसन्स घ्यायचं तर ३४ क्षमतांवर उदाहरणं लिहावी लागतात आणि ती तुमच्या जुन्या वरिष्ठांनी ऑनलाइन तपासून द्यायची असतात. कॅनडातल्या अनुभवाची अट मे २०२३ मध्ये गेली, तेव्हा अंबडचा अनुभव चालतो. मात्र साहेब निवृत्त झाले की कंपनीचा ईमेल बंद होतो. त्यांचा घरचा ईमेल आणि फोन आजच घ्या, आणि 'मी हे काम केलं' असं लिहिता येईल अशी नोंद प्रकल्पागणिक आत्ताच काढा. नाव मार्कशीटवर आडनावापासून, पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने, बायकोचं तर लग्नाआधीचं. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र नाशिकमध्येच करून घ्या. इथून ते करताना महिने जातात.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पहिल्या जानेवारीत जास्त, मग कामात बुडतो माणूस. त्यावर आणखी लिहीत नाही.

शाळेबद्दल मात्र लिहायला हवं. इथे इयत्ता जन्मवर्षावरून ठरते: ज्या वर्षी मूल सहा वर्षांचं होतं त्या सप्टेंबरात पहिली. नाशिकमध्ये तुमची मुलगी कितवीत होती, किती हुशार होती, याने वर्ग बदलत नाही. इंग्रजीसाठी वेगळा आधार देतात, तो घ्या, त्यात कमीपणा मानू नका. पण तिला लवकर जमावं म्हणून घरातही इंग्रजी सुरू करू नका. आम्ही ते केलं, चांगल्या हेतूने केलं, आणि आता आजीचा फोन आला की मुलगा 'हो' आणि 'बरं' एवढ्यावर थांबतो. ती माझी चूक आहे आणि ती सलते. शाळा तिचं काम करेल. घरात मराठीच ठेवा, तिने इंग्रजीत उत्तर दिलं तरी.

तिच्या लसीकरणाचं कार्ड आणि प्रगतिपुस्तकं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. शाळेत लसींची नोंद लागतेच.